बिनरंगाचा लॉट

१

पलसाण्याला हायवेच्या कडेला असलेल्या, कापड रंगवणाऱ्या त्या प्रोसेस हाउसमध्ये काचेची केबिन आणि एसी फक्त कॉम्प्युटरला होता. योगराज कॉम्प्युटर सांभाळायचा, म्हणून पुजाऱ्याला नैवेद्य मिळावा तसा थोडा गारवा त्यालाही मिळे. बाकी दोनशे माणसं बाहेर वाफेत. वाफ जेट मशीनची. जेट म्हणजे कापड उकळत्या रंगात फिरवणारी, झाकणाची लोखंडी टाकी. आत माणूस सहज मावेल एवढी.

काम सरळ होतं. कापडाचा लॉट आला की भटूनाना तो मोठ्या काट्यावर चढवून वजन करत. मग केबिनच्या खिडकीपाशी ठेवलेल्या कीबोर्डवर आपला कोड सात, लॉटचा नंबर, वजन आणि शेडचा, म्हणजे रंगछटेचा, नंबर टाकत. कॉम्प्युटर हिशेब करून प्रिंटरवर चिठ्ठी काढी: रंग इतका, पाणी इतकं, तापमान इतकं. चिठ्ठी जेटवाल्या लोटूकडे जाई. लॅबवाल्यांची दुसरी खिडकी आणि दुसरा कीबोर्ड, रंग मोजणाऱ्यांचा तिसरा. तिन्ही कीबोर्ड एका हबमध्ये जात आणि हब कॉम्प्युटरमध्ये. हब म्हणजे साबणाच्या डबीएवढा काळा डबा, चार तोंडांचा. मालक मगनशेठ यांच्या भाच्याने सिंगापूरहून आणलेला. विंडोज त्याला पाहून दर तासाला मान टाकत होतं, म्हणून योगराजने मासिकासोबत आलेल्या सीडीवरचं लिनक्स चढवलं. ते फुकट आहे असं सांगितल्यावर शेठनी पुढे एकही तांत्रिक प्रश्न विचारला नाही.

खंडेनवमीला भटूनानांनी तिन्ही कीबोर्डांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, आणि नवीन यंत्राला फोडतात तसा टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडला. पाणी थेट हबवर गेलं. योगराजने फडक्याने पुसलं आणि कुणाला सांगितलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी प्रिंटरने एक चिठ्ठी काढली. कोड सात. लॉट नंबर नाही. शेड शून्य, रंग शून्य. तापमान एकशे तीस. कापडाचं वजन छप्पन किलो. लोटूने टाकी भरली, पाणी तापवलं आणि कापडाची वाट पाहत उभा राहिला. कागदावर छापून आलं की माणूस प्रश्न विचारत नाही, हे कुठल्याही कचेरीत दिसतं. कापड आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तशीच चिठ्ठी. तिसऱ्या दिवशीही. मग लोटूला सांगण्यात आलं की शेड शून्य आली तर मशीन भरू नकोस. तरी दोन आठवड्यांत वाफ किती फुकट गेली ते शेठच्या कानावर गेलंच. कोड सात म्हणजे भटू. शेठनी योगराजला बोलावून सांगितलं, की धनतेरसच्या पूजेला बसण्याआधी मला कागदावर पाहिजे: मशीनचा दोष की माणसाचा. माणसाचा असेल तर माणूस दिवाळीनंतर येणार नाही.

तो सोमवार होता. धनतेरस शुक्रवारी.

२

भटूनाना योगराजच्या वडिलांचे गाववाले. नवागामच्या वस्तीत त्याच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत. योगराजचा कॉम्प्युटरचा कोर्स झाल्यावर त्याला शेठपुढे उभं करणारे तेच. त्या वेळी ते म्हणाले होते, पोरगा माझ्या घरचा समजा. त्यांची मुलगी चंचल हिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं. मुलाकडचे अमळनेरचे, चौकस. त्यांनी मुलीच्या शिक्षणाबद्दल एक प्रश्न विचारला होता आणि बापाच्या नोकरीबद्दल नऊ. मिलमध्ये परमनंट, हे उत्तर ऐकून सुपारी फुटली होती.

योगराजने त्यांना बाजूला घेऊन विचारलं. नानांनी कपाळाला हात लावला. चार-दहाला ते रोज कँटीनच्या बाकावर चहा पीत असत, बशीत ओतून. पाहणारे दहा जण होते. पण दहाच्या दहा नवागामचे, म्हणून शेठच्या लेखी त्यांची साक्ष बाद.

"मी हात बी लावा नही, भाऊ," नाना म्हणाले. "मले त्या डबडानी भीती वाटस. नारळ फोडा तोच चुकना का काय मना."

"नारळाचंच पाणी आहे नाना," योगराज म्हणाला. "आत गेलंय. साफ केलं की झालं."

हे त्याचं मनापासूनचं मत होतं. क्षाराचं पाणी आतल्या सर्किटच्या पट्टीवर सुकतं, दोन तारा नको तिथे जोडल्या जातात, आणि कीबोर्ड वेड्यासारखा बडबडू लागतो. रोज चार-दहालाच का, यालाही त्याच्याकडे उत्तर होतं: त्या वेळी दुसरा बॉयलर सुरू होतो, विजेला झटका बसतो. उत्तर चांगलं होतं. मंगळवारी त्याने हब उघडून स्पिरिटने धुतला, केस वाळवायच्या यंत्राने सुकवला. पट्टीला खोबऱ्याचा किंचित वास होता. तो गेला.

चार-दहाला चिठ्ठी आली. साडेएकोणपन्नास किलो. योगराजने आकड्याकडे लक्ष दिलं नाही, तारीख घालून ती ड्रॉवरमध्ये टाकली. कागद न फेकण्याची सवय त्याला होती.

३

डबा निर्दोष, तर दोष ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला दुभाष्या. हब त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटतो, दुभाष्या ते वर सांगतो. दुभाषे मनचं घालून सांगतात हा जुना अनुभव आहे. हा तर नवा होता, लिहिणाऱ्यांनी स्वतःच वर 'अजून कच्चा' अशी टीप ठेवलेली. पण लिनक्समध्ये दुभाष्याचं पोट उघडून पाहता येतं. योगराजने बुधवारी सकाळी त्यात एक ओळ वाढवली: प्रत्येक कळ कुठल्या तोंडातून आली ते वेळेसकट वहीत, म्हणजे कॉम्प्युटरमधल्याच एका फाइलीत, लिहीत जा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पुन्हा बांधायला अडीच तास लागले. तोवर त्याने दोन वेळा चहा प्यायला आणि लॅबवाल्यांचे टोमणे ऐकले. सुषमाबेन नावाच्या लॅबमधल्या बाई म्हणाल्या, की आमच्या कुकरलाही एवढा वेळ लागत नाही.

मशीन सुरू झालं. वहीच्या सुरुवातीला ड्रायव्हरने लिहिलं: हब सापडला, तोंडं चार. दिवसभर नोंदी नीट आल्या. तोंड एक, लॅब. तोंड दोन, रंग. तोंड तीन, भटूनाना.

चार-दहाला योगराजने भटूनानांच्या कीबोर्डवर स्वतः हात पालथा ठेवला. एकही कळ हलली नाही. प्रिंटर चालू झाला.

वहीत होतं: तोंड चार.

चौथ्या तोंडात काही नव्हतं. ते पहिल्यापासून मोकळं होतं. त्याने हब पुन्हा उघडला, आणि काल धुण्याच्या घाईत न पाहिलेली गोष्ट आज पाहिली. चौथं तोंड नुसतं प्लास्टिकमध्ये बसवलेलं होतं. त्याचे पाय पट्टीला टेकतही नव्हते. तीन तोंडांची पट्टी चार तोंडांच्या डब्यात घालून विकली होती. सिंगापूरलाही आपलेच भाऊबंद बसले असावेत.

इथपर्यंत हसता आलं. मग त्याने कळांच्या वेळा वाचल्या. बिघडलेली तार बडबडते तेव्हा कळा एकमेकींवर पडतात. या एकेक करून आल्या होत्या, मध्ये दीड-दोन सेकंद सोडून, चष्मा शोधत टाइप करणाऱ्या माणसासारख्या. वजनाच्या जागी आधी कालचाच आकडा आला होता, साडेएकोणपन्नास. मग सात सेकंद काही नाही. मग खोडायची कळ चार वेळा. मग एकोणपन्नास.

बिघाड खोडून दुरुस्त लिहीत नाही. योगराज बराच वेळ त्या सात सेकंदांकडे पाहत बसला. लिहिणारा मध्ये थांबून कशाकडे तरी बघत होता.

४

गुरुवारी त्याने हब सरळ उपसून ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. मागच्या खोलीतून जुना, गोल पिनचा कीबोर्ड आणून कॉम्प्युटरला लावला. तिन्ही खिडक्यांवरच्या माणसांना त्या दिवशी चिठ्ठ्या हाताने लिहून आत द्याव्या लागल्या, आणि सगळ्यांनी त्याबद्दल त्याला यथायोग्य ऐकवलं. तो कीबोर्ड मांडीवर घेऊन बसला. चारला पाच कमी असताना त्याने तोही उपटला.

चार-दहाला प्रिंटर चालू झाला.

वहीत होतं: हब, तोंड पाच.

योगराजने ड्रॉवर उघडून हब पाहिला. तोंडं चार, त्यातलं एक खोटं. त्याने तो परत ठेवला. कुलूप लागेना, कारण तो दुसऱ्याच कुलपाची किल्ली लावत होता.

मग त्याने साठवलेल्या चिठ्ठ्या टेबलावर तारखेप्रमाणे मांडल्या. सोळा होत्या. छप्पन. साडेपंचावन्न. पंचावन्न. रोज अर्धा किलो कमी, एकदाही चूक नाही. शेवटची साडेअठ्ठेचाळीस.

काचेतून समोर भटूनाना लॉटचा गठ्ठा ढकलत होते. त्यांनी थांबून पॅन्ट वर ओढली. पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं, खिळ्याने पाडतात तसं वेडंवाकडं, आणि त्याच्याही पुढे आणखी एक. गेले पंधरा दिवस कँटीनमध्ये त्यांना शुगर तपास म्हणून सांगणारे बरेच झाले होते. मंगलाबाई, त्यांची बायको, योगराजच्या आईला म्हणाली होती की नानांचं खाणं तेच आहे, उलट एक भाकरी जास्त, पण अंगाला लागत नाही. मुलीच्या लग्नाची काळजी. योगराजला ते पटलं होतं. काळजीने माणूस खंगतो. पण कालच्याएवढाच आज खंगत नाही.

तो बाहेर गेला आणि नानांना म्हणाला, जरा काट्यावर उभे राहा. काटा तपासायचाय.

"मी काय तागा शे का?" असं म्हणत नाना हसत चढले. तबकडीवरचा काटा फिरला, थरथरला आणि थांबला.

साडेअठ्ठेचाळीस.

"दसऱ्याले दवाखानामा छप्पन भरनं व्हतं," नाना तबकडीकडे बघत म्हणाले. उतरले आणि परत गठ्ठ्याला लागले.

५

शुक्रवारी, धनतेरसला, गेटवर आंब्याच्या पानांचं तोरण लागलं होतं. शेठनी पूजा सहाला ठेवली होती. योगराज चारपासून केबिनमध्ये उभा होता. डाव्या काचेतून मोठा काटा दिसत होता, उजव्या काचेतून कँटीनचा बाक. बाकावर भटूनाना बसलेले, हातात बशी. काटा आणि बाक यांच्यात चाळीस पावलं तरी असतील. तो काटा जुन्या पद्धतीचा, स्प्रिंगचा होता. त्याला तार नव्हती, वीज नव्हती, कॉम्प्युटरशी दूरचंही नातं नव्हतं.

चार-दहाला रिकाम्या काट्याची तबकडी हलली.

काटा एका दमात फिरून अठ्ठेचाळीसच्या पुढे गेला, मागे आला, परत थोडा पुढे. माणूस एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो तेव्हा असं होतं. मग स्थिर झाला. फळीवर दिवसभराची रुईची धूळ साचली होती. ती दोन ठिकाणी दबलेली दिसत होती, किंवा योगराजला तसं वाटलं. वीस फुटांवरून काचेतून धुळीबद्दल शपथेवर काही सांगता येणार नाही. त्यामागे लोटूच्या तीन नंबर जेटचं झाकण उघडं होतं. त्या वेळी ते उघडं असायचं काही कारण नव्हतं. लोटू दुसऱ्या टोकाला होता.

त्याने उजवीकडे पाहिलं. नानांनी बशी बाकावर ठेवली होती. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून ते ताठ बसले होते, वजन करून घेणारा माणूस श्वास धरतो तसे. शेजारचा त्यांना काहीतरी विचारत होता, त्यांचं लक्ष नव्हतं.

मागे प्रिंटर चालू झाला. नानांनी श्वास सोडला आणि बशी उचलली. तबकडी शून्यावर आली.

स्प्रिंग जुनी आहे, असं योगराज मनाशी म्हणाला. चिठ्ठी त्याने वाचली नाही. अठ्ठेचाळीस असणार हे ठाऊक होतं, आणि सोळा गुणिले अर्धा किती होतात हेही. पुढचा हिशेबही अवघड नव्हता. तो त्याने केला नाही.

६

पाच वाजता तो शेठच्या ऑफिसात गेला. खिशात दोन कागद होते, दोन्ही आदल्या रात्री घरी लिहिलेले. एकात लिहिलं होतं, की हब सदोष आहे, एक तोंड खोटं आहे, वहीत चिठ्ठ्यांची नोंद हबच्याच नावावर आहे. हा कागद दिला तर भटूनाना दिवाळीनंतर कामावर येणार होते, त्याच खिडकीवर, त्याच काट्याशी. चंचलचं लग्न लागणार होतं. कागदात खोटं एक अक्षर नव्हतं.

त्याने आधी तिसरा मार्ग काढून पाहिला. नानांना कापडाच्या घड्या घालणाऱ्या फोल्डिंग खात्यात टाकता येईल का, असं विचारलं. शेठ पूजेचे पेढे मोजत होते. ते म्हणाले, "चोर फोल्डिंगमां जाय तो ए चोर ज रहे. तू बोल, मशीन के माणस?"

योगराजने दुसरा कागद दिला. 'मी सर्व उपकरणांची तपासणी केली असून त्यांत दोष आढळला नाही. कोड सातच्या नोंदी हाताने केलेल्या आहेत.' खाली सही, तारीख. कार्बन कॉपी त्याने ठेवून घेतली.

भटूनानांना बोलावलं गेलं. शेठनी कागद वाचून दाखवला, हिंदीत, सावकाश. नाना शेठकडे पाहत नव्हते.

"तू देखं का मले?" त्यांनी योगराजला विचारलं. "तुना डोयानी देखं?"

"हो नाना," योगराज म्हणाला.

नानांनी मान हलवली, गणित चुकलेल्या मुलाकडे मास्तर हलवतात तशी. खुंटीवरचा डबा घेतला, चपला घातल्या आणि गेटच्या बाजूला चालू लागले. शेठनी त्यांच्यामागे पेढा पाठवला. सणाचा दिवस होता.

योगराज केबिनमध्ये येऊन बसला. बाहेर आरतीची तयारी चालू असताना वहीत एक ओळ आली. तोंड पाच: साधन निघाले. वेळ पाच बावन्न.

जाताना त्याने गेटवरचं रजिस्टर पाहिलं. भटूनानांची बाहेर पडल्याची वेळ वॉचमनने पाच बावन्न लिहिली होती.

७

दिवाळीत मंगलाबाईने योगराजच्या घरून गेलेलं फराळाचं ताट जसंच्या तसं परत पाठवलं. वरचा रुमालही सोडलेला नव्हता. अमळनेरच्या लोकांनी विचार करून कळवतो असं कळवलं. असे लोक विचार आधीच करून बसलेले असतात. योगराजच्या वडिलांनी त्याला एकदाच विचारलं की तू खरंच पाहिलं होतंस का, आणि उत्तर न ऐकताच ते बाहेर निघून गेले.

भाऊबीजेच्या दिवशी त्याला भटूनाना गल्लीच्या तोंडाशी दिसले. हातगाडीवरून शेंगदाणे घेत होते. गालांची हाडं थोडी आत गेली होती. पट्टा आधीच्या भोकावर आलेला. त्यांनीही योगराजला पाहिलं, पुडी खिशात टाकली आणि रस्ता ओलांडून पलीकडून गेले. योगराज तिथेच उभा राहिला. त्या पाठीला शर्ट बसलेला पाहून त्याला इतकं बरं वाटलं, की बाकीचं काही क्षण आठवेनाच.

लाभपंचमीला मिल उघडली. योगराजने हब आधीच मिलमागच्या नाल्यात फेकला होता आणि तिन्ही खिडक्यांना लांब वायरचे साधे कीबोर्ड लावले होते, एका वेळी एक चालेल असे. काट्यावर नवा माणूस आला होता: दगा, पारोळ्याकडचा, सव्वीस वर्षांचा, भरलेल्या अंगाचा. हसतमुख. आल्याबरोबर मौज म्हणून काट्यावर उभा राहिला आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, चौसष्ट.

योगराजने शेठना सुचवलं की नव्या माणसाला नवा कोड द्यावा, आठ किंवा नऊ. शेठ म्हणाले, "सात खाली छे ने? तो सात ज आप." रिकामी जागा आधी भरायची हा नियम त्यांनी कुठून शिकला नव्हता, तो असतोच.

वहीत सकाळी आठ पाचला ओळ आली होती. हब, तोंड पाच: नवीन साधन जोडले. आठ पाचला दगाने त्याची पिशवी खुंटीला अडकवली होती.

चार-दहाची चिठ्ठी त्या दिवशी चौसष्टची निघाली. दुसऱ्या दिवशी साडेत्रेसष्ट. दगा बाकावर बसून चहा पीत होता आणि लोटूला आपल्या साखरपुड्याचं सांगत होता. बोलता बोलता मध्येच गप्प झाला, ताठ बसला, आणि मग आपण काय सांगत होतो ते लोटूलाच विचारू लागला.

योगराजने ड्रॉवरमधून कोरा कागद आणि कार्बन काढला. मजकूर तयारच होता, नाव तेवढं बदलायचं. नाव त्याने लिहिलं. तारखेपाशी पेन थांबलं. दोन चिठ्ठ्यांवर शेठ कुणाला काढणार नाहीत. मागच्या वेळी सतरा लागल्या होत्या. लवकर दिला तर कागद फुकट जाणार, आणि उशीर करायचा तर किती, हे सांगणारं कोणी नव्हतं.

त्याने एका बाजूला चौसष्ट लिहिलं आणि खाली एकेक आकडा मांडत गेला. प्रश्न एवढाच होता, की किती किलोपर्यंत थांबायचं.